सिंगल सेलचा डेटा पहिल्यांदा हातात घेताना

चिपळूण, देवरुख, कणकवली, सावंतवाडी, सगळीकडून एमएस्सीच्या मुलामुलींचे मला मेसेज येत असतात. ताई, सिंगल सेल शिकायचंय पण कॉलेजात मशीन नाही, मोठा कॉम्प्युटर नाही, पुण्या-मुंबईला जाऊन राहायचं तर घरचे एवढा खर्च कुठून करणार. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मशीन लागत नाही. मोठा कॉम्प्युटर पण लागत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. मी स्वतः रत्नागिरीत घरी बसून आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर याचा सराव केलाय, आणि जे शिकायला मला खूप वेळ लागला ते तुम्हाला एका आठवड्यात कळावं असं मनापासून वाटतं.

आधी हे आहे काय ते. मच्छीमार्केटात मिक्स वाटा मिळतो बघा, त्यात मांदेली, चार कोळंब्या, एखादा लेपा, दोन छोटे बांगडे, सगळं एकत्र. आता तो अख्खा वाटा मिक्सरला लावला आणि त्या चटणीची तपासणी केली तर सरासरी काहीतरी कळेल, पण त्यात कोळंबी किती होती, लेपा ताजा होता की नव्हता, काही कळणार नाही. रक्ताचा किंवा गाठीचा नमुना असाच मिक्स वाटा असतो आणि जुन्या पद्धतीत, म्हणजे बल्क आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये, आपण तो मिक्सरलाच लावत होतो. सिंगल सेलमध्ये एकेक मासा वेगळा उचलून बघायचा, म्हणजे एकेका पेशीत कुठले जीन चालू आहेत ते वेगळं वाचायचं. २००९ मध्ये पहिल्यांदा उंदराच्या भ्रूणातल्या एकेका पेशीचा एमआरएनए, म्हणजे चालू असलेल्या जीनची पेशीने काढलेली नक्कल, असा वाचला गेला, २०१५ मध्ये तेलातल्या बारीक थेंबांत हजारो पेशी एकावेळी पकडायची युक्ती आली आणि २०१६ पासून टेनएक्स जीनोमिक्स या कंपनीचं क्रोमियम मशीन बाजारात आल्यावर जगभरच्या लॅबमध्ये हे सर्रास व्हायला लागलं.

थेंबात काय होतं ते समजून घ्या कारण पुढची सगळी गडबड तिथूनच येते. प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक जेलचा मणी जावा अशी व्यवस्था असते. मण्यावर डीएनएचे धागे असतात, त्यात १६ अक्षरांचा एक बारकोड असतो जो त्या मण्यापुरता सारखा, आणि शिवाय प्रत्येक धाग्यावर वेगळा असा एक छोटा कोड असतो त्याला यूएमआय म्हणतात. पेशी थेंबातच फुटते, तिचा एमआरएनए त्या धाग्यांना चिकटतो, मग सगळं एकत्र करून वाचलं तरी बारकोडवरून कळतं हा रेणू कुठल्या पेशीचा आणि यूएमआयवरून कळतं की हा खरंच वेगळा रेणू आहे की एकाच रेणूची मशीनमध्ये झालेली कॉपी. पण सगळा एमआरएनए काही पकडला जात नाही, थोडाच भाग हाती लागतो. म्हणून डेटात एखाद्या जीनपुढे शून्य दिसला तर तो जीन त्या पेशीत बंद आहे असं लगेच म्हणायचं नाही. जाळ्यात आला नाही म्हणजे समुद्रात नाही असं आपण म्हणतो का, तसंच.

आता कामाला लागू. टेनएक्सने एका निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा डेटा फुकट ठेवलाय, त्याला सगळे पीबीएमसी थ्री के म्हणतात, त्यात २७०० पेशी आहेत. फाईल दहा एमबीच्या आतली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पण उतरते. त्यात तीन फायली मिळतात, एक जीनच्या नावांची, एक बारकोडची आणि एक मॅट्रिक्स. ३२,७३८ जीन गुणिले २७०० पेशी म्हणजे ८ कोटी ८३ लाखांच्या वर चौकटी होतात, त्यातल्या फक्त २२,८६,८८४ चौकटीत आकडा आहे, बाकी सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर शून्यच. हे बघून घाबरू नका, डेटा बिघडलेला नाही, तो असाच असतो, आणि म्हणूनच तो स्पार्स पद्धतीने साठवतात, शून्य लिहितच नाहीत, त्यामुळे साध्या लॅपटॉपला झेपतो. पायथन येत असेल तर स्कॅनपाय (Scanpy) घ्या, आर येत असेल तर स्यूरा (Seurat) घ्या, दोन्ही चांगली आहेत, कुठलं चांगलं यावर आठवडा घालवू नका. लॅपटॉप अगदीच जुना असेल तर गुगल कोलॅब वापरा, त्यात कोड गुगलच्या कॉम्प्युटरवर चालतो, फक्त पावसाळ्यात आपल्याकडे लाईट आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही आणि कोलॅबचं सेशन तुटलं की मेमरीतलं सगळं जातं, तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर फाईल ड्राईव्हवर सेव्ह करायची. मूळचे कच्चे आकडे वेगळ्या लेयरमध्ये जपून ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही, पुढे लागतात. आणि रँडम सीड, म्हणजे सॉफ्टवेअरचे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, पक्का करून टाका, नाहीतर आजचं चित्र उद्या परत तसंच येईल याची खात्री नाही.

आता एक सांगते ते कोणी सहसा करत नाही पण तुम्ही कराच. स्कॅनपायच्या किंवा स्यूराच्या ट्युटोरियलच्या ओळी धडाधड चालवण्याआधी पहिल्या तीन पेशी नुसत्या डोळ्यांनी बघा. या डेटातल्या पहिल्या पेशीत साधारण २४०० रेणू आणि ७८० च्या आसपास जीन सापडलेत. तिच्यात सीडी३डी या जीनचे ४ रेणू आहेत आणि एमएस४ए१ चा एकही नाही. दुसऱ्या पेशीत जवळजवळ ४९०० रेणू, सीडी३डी शून्य, एमएस४ए१ मात्र ६. तिसरीत सीडी३डी थेट १०. टी आणि बी हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, सीडी३डी ही टी पेशीची खूण, एमएस४ए१ ही बी पेशीची, त्याच जीनपासून सीडी२० हे प्रोटीन बनतं. म्हणजे कुठलंही गणित न करता तुम्ही पहिली टी, दुसरी बी, तिसरी टी असं ओळखलंत. मी एका मुलीला हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली ताई म्हणजे ही खरंच एका माणसाच्या अंगातली एक पेशी आहे ना. हो, खरंच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

मग साफसफाई. मासे घेताना आपली आई कल्ले वर करून बघते ना, लाल आहेत का, तसं प्रत्येक पेशीचं तीन गोष्टींवर बघायचं. किती रेणू, किती जीन, आणि त्यातले मायटोकॉन्ड्रियाचे किती टक्के. पेशीचं आवरण फुटलं की आतला बाकीचा एमआरएनए गळून जातो पण मायटोकॉन्ड्रिया आतच अडकून राहतात, म्हणून टक्का वर जातो, तो वर गेला म्हणजे पेशी मरायला टेकलेली किंवा फुटलेली. माणसाच्या डेटात हे जीन एमटी आणि आडवी रेघ अशा नावाने सुरू होतात. ट्युटोरियलमध्ये २०० पेक्षा कमी किंवा २५०० पेक्षा जास्त जीन असलेल्या आणि मायटोकॉन्ड्रिया ५ टक्क्यांच्या वर असलेल्या पेशी काढून टाकतात आणि २७०० पैकी २६३८ उरतात. हे आकडे या डेटापुरते आहेत हो. हृदयाच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया मुळातच भरपूर असतात, तिथे ५ टक्के लावलेत तर चांगल्या पेशी फेकून द्याल. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये आरएनए मुळातच कमी, तिथे जीनची खालची मर्यादा जास्त ठेवलीत तर सगळे न्यूट्रोफिल गायब आणि तुम्हाला वाटणार पेशंटच्या रक्तात नव्हतेच. आधी व्हायोलिन प्लॉट, म्हणजे आकडे कुठे दाट कुठे विरळ ते दाखवणारा आलेख, काढा, घोळका कुठे आहे आणि शेपूट कुठून सुरू होतं ते बघा, आणि मग मर्यादा ठरवा, आणि का ठरवली ते वहीत लिहा. जे काढताय त्यांच्यातले जीन पण एकदा बघून घ्या.

एका थेंबात दोन पेशी गेल्या तर त्याला डब्लेट म्हणतात. टेनएक्सच्या २०२४ आधीच्या नेहमीच्या किटमध्ये दर हजार पेशींमागे साधारण ०.८ टक्के धरतात, म्हणजे १०,००० पेशी घेतल्यात तर ८ टक्क्यांच्या आसपास जोड्याच असणार. एकाच पेशीत टी पेशीच्या आणि बी पेशीच्या दोन्ही खुणा जोरात दिसल्या तर नवीन प्रकारची पेशी सापडली म्हणून उड्या मारायच्या आधी डब्लेट आहे का ते तपासा, स्क्रबलेट किंवा डब्लेटफाइंडर वापरा, आणि नमुने एकत्र करायच्या आधी एकेका नमुन्यावर वेगळं चालवा कारण दोन वेगळ्या थेंब-रनमधल्या पेशी एका थेंबात जाऊच शकत नाहीत. तसंच फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रवात तरंगत असतो तो सगळ्याच थेंबात शिरतो, लाल पेशी फुटल्या असतील तर हिमोग्लोबिनचे जीन टी पेशीत पण दिसायला लागतात. त्यासाठी सूपएक्स, सेलबेंडर अशी साधनं आहेत.

त्यानंतरचं काम सरळ आहे. कुठल्या पेशीतून २४०० रेणू मिळाले कुठल्या पेशीतून ४९००, थेट तुलना करता येणार नाही म्हणून प्रत्येकीचे एकूण १०,००० धरून प्रमाणात आणायचे आणि लॉग घ्यायचा. मग पेशीपेशीत सगळ्यात जास्त फरक दाखवणारे २००० च्या आसपास जीन निवडायचे, त्यावर पीसीए करायचं, म्हणजे त्या हजारो जीनमधला फरक पन्नासएक मुख्य दिशांत गोळा करायचा, आणि पीसीएमध्ये कोण कोणाच्या शेजारी आहे त्याचं जाळं बांधायचं. स्कॅनपायमध्ये यातल्या प्रत्येकाला एकेक ओळ आहे.

क्लस्टरिंगवर, म्हणजे पेशींचे गट पाडण्यावर, मात्र थांबा. लायडन नावाची पद्धत, २०१९ ची, ते शेजाऱ्यांचं जाळं घेऊन त्याचे गट पाडते आणि किती बारीक गट पाडायचे ते रेझोल्यूशन नावाच्या एका आकड्यावर ठरतं. हे बरोब्बर वाटे लावण्यासारखं आहे. एकच टोपली, मावशीने मनात आणलं तर चार मोठे वाटे लावेल, नाहीतर बारा छोटे. कोळंबीचा एक वाटा की टायनी वेगळी आणि मोठी वेगळी, हे तिच्या हातात असतं, टोपलीत लिहिलेलं नसतं. तसंच आमच्या डेटात नऊ क्लस्टर आले हे काही शोध लागल्यासारखं सांगायचं नसतं, रेझोल्यूशन ०.५ ठेवलं म्हणून नऊ आले, २ ठेवलं असतं तर जास्त आले असते. दोन-तीन रेझोल्यूशनवर करून बघा, कुठले गट प्रत्येक वेळी टिकून राहतात आणि कुठले नुसते फुटतात-जुळतात, आणि फुटलेल्या दोन गटांत फरक दाखवणारे जीन खरंच अर्थाचे आहेत का, की फक्त रायबोझोमचे जीन आणि रेणूंची संख्या कमी-जास्त आहे.

आणि यूमॅप. ते रंगीत बेटांचं चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, पण ते नकाशासारखं वाचू नका. दोन बेटं लांब आहेत म्हणजे त्या पेशी तेवढ्या वेगळ्या असं नाही, बेट मोठं म्हणजे तिथे विविधता जास्त असंही नाही. पन्नासएक मितींचं दोन मितीत दाबून बसवलंय ते, काहीतरी ताणलं जाणारच. यूमॅपवर बघून गट हाताने तोडायचे नाहीत, शेजाऱ्यांच्या जाळ्यावरच तोडायचे, यूमॅप फक्त दाखवायला.

गटांना रक्तपेशींच्या प्रकारांची नावं द्यायची तर खुणेचे जीन बघायचे. आयएल७आर आणि सीसीआर७ असतील तर नेव्ह (अजून कामाला न लागलेल्या) सीडी४ टी, सीडी८ए असेल तर सीडी८ टी, एलवायझेड बरोबर सीडी१४ असेल तर मोनोसाइट, जीएनएलवाय आणि एनकेजी७ असतील तर एनके, एफसीईआर१ए असेल तर डेन्ड्रिटिक. एका कोपऱ्यात पंधराएक पेशींचा छोटासा गट दिसेल, त्यात पीपीबीपी जोरात, त्या प्लेटलेट. एका जीनवर नाव ठेवायचं नाही, तीन-चार जीन एकत्र बघायचे आणि जे असायला नको ते नाही ना तेही बघायचं. आपोआप नाव देणारी सॉफ्टवेअर आहेत, वापरा, पण त्यांनी दिलेलं नाव खुणेच्या जीनवर पडताळल्याशिवाय रिपोर्टात घालू नका.

इथपर्यंत एका माणसाचं झालं. खरी परीक्षा पेशंट आणि निरोगी यांची तुलना करताना असते, आणि मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच.

काही वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टवर काम करत होते, तापाच्या पेशंटच्या रक्तावर. पेशंट चिपळूणकडचे, रक्त सकाळी काढायचं आणि गाडीने कुंभार्ली घाटातून कराडवरून पुण्याला. जुलैचा महिना, घाटात दरड आली की गाडी दोन-तीन तास अडकायची, ट्यूब संध्याकाळी लॅबला पोचायच्या. निरोगी माणसं मात्र पुण्यातलीच, लॅबजवळची, त्यांचं रक्त तासाभरात प्रोसेस. डेटा आला आणि पेशंटमध्ये मोनोसाइटचा एक वेगळा गट दिसला, त्यात फॉस आणि जून नावाचे जीन, हीट शॉकचे जीन, एकदम ठळक, निरोगी लोकांत जवळजवळ नाहीच. आम्ही तीन महिने त्यावर घालवले, आजाराची यंत्रणा सापडली म्हणून स्लाइड सुद्धा केल्या. मग एक दिवस मी पाठवणीची वही काढली आणि प्रत्येक नमुन्यापुढे रक्त काढल्याची आणि प्रोसेस केल्याची वेळ लिहिली, तर तो गट अगदी तासांप्रमाणे वाढत होता. दरडीत अडकलेल्या दिवशीचे नमुने सगळ्यात वर. हे जीन पेशीला ताण आला की वर जातात, आजारानेही जातात आणि ट्यूबमध्ये गाडीत बसून राहिल्यानेही जातात, आणि आमच्या डेटात कोकणातला म्हणजे पेशंट आणि पुण्यातला म्हणजे निरोगी, त्यामुळे कुठला ताण कशाचा हे वेगळं करायला मार्गच नव्हता. हार्मनी, म्हणजे नमुन्यानमुन्यांतला तांत्रिक फरक कमी करायची पद्धत, चालवून बघितलं, आणखी दोन पद्धती चालवल्या. दोन गोष्टी पूर्ण एकत्र बांधल्या गेल्या असतील तर कुठलंच सॉफ्टवेअर त्यांना सोडवू शकत नाही. त्या पेशंटनी तापात हात पुढे केला होता, त्यांचं रक्त आपल्याकडून असं वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही आपल्या भागात नमुने घेणार असाल तर निरोगी माणसं पण त्याच गावातली, त्याच दिवशीची, त्याच गाडीने जाणारी घ्या. शक्य असेल तर जिथे रक्त काढलं त्याच्या जवळच पांढऱ्या पेशी वेगळ्या करून गोठवा आणि मग सगळे नमुने एका वेळी वितळवून सोबतच प्रोसेस करा, प्रत्येक बॅचमध्ये पेशंट आणि निरोगी दोन्ही राहतील असं बघा. गाठ किंवा अवयवाचा तुकडा गोठलेला असेल तर अख्ख्या पेशी मिळत नाहीत, तिथे केंद्रकं वेगळी काढून त्यांचा आरएनए वाचतात, तो वेगळा डेटा असतो, तिथे मायटोकॉन्ड्रियाचा टक्का जवळजवळ शून्य यायला हवा. मशीनवर घालायच्या आधी ट्रायपॅन ब्लू लावून जिवंत पेशी किती ते मोजा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर महागडी चिप वाया घालवू नका. एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती पहिल्या नमुन्याच्या आधी, नंतर नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत त्या वाचा, आणि संमतीपत्र पेशंटला कळेल अशा मराठीत वाचून दाखवा. आणि वहीत तास-मिनिटं लिहा, रक्त काढलं कधी, पोचलं कधी, प्रोसेस कधी.

दुसरी मोठी चूक मोजण्याची. तीन पेशंट, तीन निरोगी, प्रत्येकी पाच हजार पेशी, म्हणून तीस हजार नमुने आहेत असं धरून टेस्ट लावली की हजारो जीनची पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक दिसण्याची शक्यता) अशी काही छोटी येते की बघायलाच नको. पण एका होडीतले पाच हजार बांगडे मोजले म्हणजे पाच हजार होड्या मोजल्या असं होत नाही, ते सगळे एकाच जाळ्यातले, एकाच दिवसाचे. एका माणसाच्या पेशी एकमेकींसारख्याच असतात, तुमचे नमुने सहा आहेत. म्हणून स्यूडोबल्क करायचं, प्रत्येक माणसाच्या प्रत्येक प्रकारच्या पेशींचे कच्चे आकडे बेरीज करून एक कॉलम बनवायचा आणि मग बल्क डेटात जीनची तुलना करायला वापरतात ते नेहमीचं डीईसेक२ (DESeq2) किंवा एजआर (edgeR) लावायचं. कच्चे आकडे जपून ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. हार्मनी फक्त पीसीएच्या जागा सरकवतं, जीनचे आकडे दुरुस्त करत नाही, त्यामुळे ते गट पाडायला वापरा, जीनच्या तुलनेला नाही. तसंच पेशंटमध्ये मोनोसाइटचा टक्का वाढला तर बाकीच्यांचा कमी दिसणारच, शंभराच्या बाहेर कोण जातंय, तेव्हा टी पेशी घटल्या असं लिहायच्या आधी रक्ताच्या साध्या काउंटशी ताडून बघा.

नमुने अदलाबदल झाले नाहीत ना तेही दोन मिनिटांत कळतं, एक्सआयएसटी हा जीन बाईच्या पेशीत दिसतो आणि आरपीएस४वाय१ पुरुषाच्या, फॉर्मवर स्त्री लिहिलंय आणि डेटात आरपीएस४वाय१ भरभरून असेल तर सगळं थांबवा आणि ट्यूबची लेबलं तपासा.

पीबीएमसी थ्री के हातात बसलं की पुढे २०१८ चा ल्युपसचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचा) डेटा घ्या, त्यात ८ पेशंट आहेत आणि प्रत्येकाच्या पेशी दोन भागात वाटून एका भागाला ६ तास इंटरफेरॉन बीटा दिलंय, दुसऱ्याला नाही. माणूस तोच, फरक फक्त औषधाचा, त्यामुळे स्यूडोबल्क शिकायला याच्यासारखा डेटा नाही. आधी प्रत्येक पेशी म्हणजे एक नमुना असं धरून टेस्ट लावा, किती जीन आले ते लिहा, मग प्रत्येक पेशीप्रकारात ८ जोड्या म्हणजे १६ कॉलम करून परत लावा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. इंटरफेरॉनने चालू होणारा आयएसजी१५ हा जीन दोन्हीकडे वरच दिसेल. पहिल्या यादीत आहेत आणि दुसरीत नाहीत अशातले दहा जीन उचला आणि प्रत्येकाचे माणसागणिक ठिपके काढून बघा, आणि ते चित्र मला पाठवा, आपण कॉलवर बसून बघू.